अर्धीच दिसणारी पट्टी

मेहकरला आमचं लग्नपत्रिका छापून द्यायचं दुकान आहे. तिथला जुना संगणक आम्ही मोडीत काढला नव्हता, कारण बाबांनी रचलेली भीमगीतं त्यात होती. ज्या मराठी प्रोग्राममध्ये मी ती टाइप केली, तो फक्त त्याच मशीनवर चालायचा; फाइल दुसरीकडे नेली की नुसता अक्षरांचा कचरा दिसायचा. बाबा थकले होते. त्यांना गाण्यांचं पुस्तक पाहायचं होतं.

एका सकाळी मशीन सुरू केलं, तर नुसतं पीं-पीं. पडदा काळा.

दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून पाहिलं. "रॅम गेली, ताई, मेमरीची पट्टी. गाणे डिस्कमधी असतीन, पण हा डबा फेका आता. नवीन घ्या."

नवीन संगणक तोच विकायचा, त्यामुळे मला ते पटलं नाही. दुसरी रॅम लावून पाहा म्हटलं, तर त्यानं आजकालच्या मशीनची पट्टी आणली. खाचा जुळेनात. "जरासं दाबतो," म्हणाला. मी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली.

माझ्या मिस्टरांचा सगळ्यांवर विश्वास. त्यांनीच डोणगावचा एक माणूस शोधला. त्याचा संगणक क्लास बंद पडला होता, जुनी मशीनं घरातच होती. माझ्या जळलेल्या पट्टीवर चिकटवलेल्या कागदावर मेमरीचा आकडा होता, २५६. त्यानं तसाच आकडा, तशाच खाचा असलेली पट्टी काढून दिली. मी पर्समधल्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका तिच्या कडेला लावला.

"हे काऊन, ताई?"

"परत आणायची वेळ आली, तर ओळखू यावी म्हणून."

तो हसला. मला ते हसणंही आवडलं नाही.

दुकानात पट्टी बसली, मशीन सुरू झालं, पण पडद्यावर आकडा आला १२८. बरोबर अर्धा. शिवाय प्रोग्राम उघडता उघडता अडकायचा. "पाहा, चिकटवलेला कागद खोटा आहे," मी मिस्टरांना म्हटलं. ते म्हणाले, "अगं, त्यालेही माहीत नसन." दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसनं डोणगावला गेले.

त्यानं पट्टी स्वतःच्या मशीनला लावली. २५६!

हातचलाखी, दुसरं काय? मी पट्टी बाहेर काढायला लावली. ठिपका माझाच होता. आता तोही गोंधळला. "तुमची जुनी पट्टी आणली का, ताई?" मी ती रुमालात बांधून आणली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. माझ्या पट्टीला दोन्ही बाजूंनी बारीक चिप होत्या. त्याच्या पट्टीला एकाच बाजूनं.

"हाव, आता समजलं! माहं मशीन तुमच्यापेक्षा नवं हाय. तुमच्या जुन्या बोर्डाले ह्या दुप्पट मेमरीच्या चिप अर्ध्याच दिसतेत."

पटण्यासारखं होतं, पण मी ऐकून घेणार नव्हते. दोन्ही बाजूंनी चिप असलेली पट्टी त्यानं शोधली, तेव्हा म्हटलं, "माझ्या मशीनवर चालवून दाखवा. तुम्हीच चला."

"इतका अविश्वास हो, ताई?" असं म्हणत का होईना, आला तो.

या वेळी आकडा पूर्ण आला. गाणी उघडली. पट्टी कधी दगा देईल याचा नेम नव्हता, म्हणून मी तेव्हाच सगळी पानं छापायला लावली. तो माणूस चहा पीत बसला. मिस्टर माझ्याकडे पाहून गालात हसत होते.

संध्याकाळी मी बाबांना गाणी वाचून दाखवली. एका ओळीला त्यांनी हात वर केला.

"हे मी असं लिवलंच नाई. कोनं बदललं व?"

"कुणीच नाही, बाबा. तुम्हीच सांगितलं होतं."

"मशीननं बदललं असन मंग," ते म्हणाले, आणि त्यांना हवी तशी ओळ त्यांनी गाऊन दाखवली. पुस्तकात तीच छापली.