संगं कोण हाय?

"पयलं सांगा, संगं कोण हाय?"

महाबळेश्वरला कधी जावं, कोकणात कधी उतरावं, असं कुणीही विचारलं की आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आधी डोक्यावरच्या मोठ्या आरशात विचारणाऱ्याचं तोंड बघायचा आणि मग हे विचारायचा. पिंपळे गुरवला मी चढायचो तेव्हापासून चाकणच्या गेटपर्यंत रोज हा दरबार चालायचा. तुमच्याही बसमध्ये असा एखादा असेल. सगळे त्याला काका म्हणत. मी म्हणत नसे.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी तो कुणाकुणाच्या सहलीच्या गाड्या घेऊन जायचा. पंचवीस वर्षं हेच केलेलं. शिक्षण सातवी, गाव राजगुरुनगरजवळ.

नवीन लग्न झालेल्या एका ऑपरेटरला म्हणाला, "भावा, तुमी धुक्यातच जा. काय दिसलं न्हाई तरी तुमाला चालतंय." अख्खी बस हसली. लेकुरवाळ्यांना सांगायचा, "पावसात नगा जाऊ. निम्मी सहल कपडे वाळवण्यात जाती."

मला हे सहन व्हायचं नाही. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. मी प्लॅनिंगमध्ये आहे, कोणता पार्ट कोणत्या दिवशी लाइनवर लागेल हे मी सांगतो. म्हणून मी एक तक्ता केला. ठिकाणं, महिने, पाऊस, थंडी, फुलं, सगळं रंगवून. कँटीनच्या बोर्डावर लावला. आठ दिवसांनी त्यावर जेवणाचा मेनू चिकटवलेला दिसला. त्याच आठवड्यात आमच्या मॅनेजरसाहेबांनी बसमध्ये चढून त्याला विचारलं, "काका, भीमाशंकरला आत्ता जाऊ का?"

त्याला माझ्या मनातलं कळायचं की नाही, कोण जाणे. एकदा आरशातून म्हणाला, "साहेब, तुमी कधी काय इचारत न्हाई."

"मला माहिती असतं," मी म्हणालो.

"व्हय, शिकल्यालं हाय तुमी," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याचाच जास्त राग आला.

माझी आई लातूरकडची. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी करण्यात गेलं. मला नोकरी लागली तेव्हा मी तिला म्हणालो होतो, एकदा तुला फुलांचा डोंगर दाखवीन. त्याला चार वर्षं झाली होती, आणि तिचे गुडघे दरवर्षी आणखी कुरकुरत होते. आता टाळून चालणार नव्हतं. तक्त्याप्रमाणे कासला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. एका गुरुवारी गाडी करून निघालो.

तक्ता बरोबर होता. डोंगर जांभळा झाला होता. पण पार्किंगपासून पुढे बरंच चालायचं, वाट चिखलाची. आई पन्नास पावलं चालली आणि दगडावर बसली. "तू बघून ये. फोटू दाखव मला."

मी तिला गाडीत बसवलं आणि गेलो. खरं सांगतो, गेलो.

तासाभराने परत आलो तर आई गाडीत नव्हती. शेजारच्या बसच्या पायरीवर बसून भाकरी-ठेचा खात होती, आणि समोर आमचा ड्रायव्हर. दोघं खळखळून हसत होते. आईला इतकं हसताना मी घरी पाहिलं नव्हतं.

"काका, तुम्ही नाही गेलात फुलं बघायला?" मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोललो. काका तोंडातून कसं निघालं, कळलं नाही.

"गाडी सोडून कसं जानार? न्हाई बगितली कधी. माघारी येताना लोकं बोलत बसली की समजायचं, बरोबर टायमाला आणली. झोपली की चुकलं." मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमी दिवाळी झाल्यावर भंडारदऱ्याला जा. पाणी काठोकाठ असतंय, गाडी पार कडंला लागती. उतरायचं काम न्हाई."

परतताना मी फुलांविषयी बोलत राहिलो. आई घाट उतरायच्या आधीच झोपली.

घरी जिना चढताना एवढंच म्हणाली, "त्या भाऊनं आल्या आल्या इचारलं, मावशी, गुडघे लई दुखतेत का? तू इचारलास का रे?"

पुढच्या पावसाळ्यात बसचं कंत्राट बदललं. तो गावी शेताकडे गेला. बसमधल्या प्रत्येकाकडे त्याचा नंबर होता. माझ्याकडे नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या गुरुवारी आईला भंडारदऱ्याला नेलं. गाडी पाण्याच्या कडेला लागली. आई काच खाली करून दोन तास बघत बसली आणि पिंपळे गुरव येईपर्यंत बोलत होती. त्यातलं निम्मं बोलणं त्याच्याविषयी होतं.

शुक्रवारी बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "राव, भंडारदऱ्याला आता जाण्यासारखं आहे का?"

मी म्हणालो, "आधी सांगा, सोबत कोण आहे?"

माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. सगळ्यांनी मान वर करून नव्या ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात बघितलं.