आईची पिशवी, बापाची पिशवी

आमच्या स्टाफरूममध्ये चहा यायला उशीर झाला की किस्से निघतात, आणि चहा रोजच उशिरा येतो. त्यामुळे माझ्याकडे साठा बराच झालाय. त्यातले निम्मे तरी एकाच खेळाचे आहेत.

मी धरणगावजवळच्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा फळ्यावरून काही केल्या मुलांच्या डोक्यात जाईना, म्हणून मी शिंप्याकडून लाल-पांढरी बटणं आणली आणि कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या. प्रत्येक बाकावर दोन पिशव्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन बटणं. न बघता दोन्हींतून एकेक काढायचं. एक जरी लाल आलं तर बाळाच्या गालाला खळी, दोन्ही पांढरी आली तर नाही. मग केस, मग कान, मग नाक, आणि शेवटी बाळाचं चित्र काढायचं. खेळ एवढाच.

*

पहिल्याच दिवशी हेडसर खिडकीतून डोकावले. पोरं 'माझी आई दे, तुझा बाप घे' असं ओरडत होती. सरांनी मला बाहेर बोलावलं. वर्गात असे शब्द नकोत, पिशव्यांना 'पालक क्रमांक एक' आणि 'पालक क्रमांक दोन' म्हणा, असं सुचवलं. मी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः पाहायला आले. मागच्या बाकावर एकच पिशवी दिसली, म्हणून त्यांनी विचारलं, पालक क्रमांक दोन कुठे आहे?

पोरगं उभं राहून म्हणालं, "सर, शेतात गेलेत."

त्या दिवसापासून पुन्हा आई आणि बाप.

*

एकदा एका पिशवीला खाली भोक पडलं होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. कविता नावाची मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, आमच्या बाळाला बापाकडून काहीच आलं नाही."

मी पिशवी बदलून द्यायला निघाले, तर तिची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "राहू द्या मॅडम. असतं असं."

*

धुळ्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा खेळ दाखवायला मला बोलावलं होतं. मला वाटलं, मोठी माणसं, पटकन आटपेल. पहिल्या गटाने बाळाचं नाव काय ठेवायचं यावर अर्धा तास घालवला. दुसऱ्या गटात बाळाचं नाक बसकं निघालं, तर एक ज्येष्ठ गुरुजी चित्र काढायलाच तयार होईनात.

मी म्हटलं, सर, बटणं तुम्हीच काढलीत ना?

ते म्हणाले, "काढली. पण आमच्या घराण्यात असं नाक नाही."

*

माझ्या वर्गातल्या रोहितच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, एका वर्षी संकरित कापसाची सरकी घरीच राखून पुढच्या हंगामात पेरली होती. एक झाड गुडघ्याएवढं, एक डोक्यावर, एकाला बोंडं, एकाला नुसता पाला. आबांचं ठाम मत होतं की शेजारच्याने बांधावरून काहीतरी केलं. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

वर्गात दोन्ही पिशव्यांत एक लाल, एक पांढरं घेऊन खेळताना रोहित एकदम थांबला. प्रत्येक वेळी वेगळीच जोडी निघत होती. "मॅडम, हे तर आमचं शेत आहे," तो म्हणाला. पिशव्या मागून घेऊन गेला आणि आबांना ओट्यावर बसवून खेळ दाखवला.

सोमवारी मी विचारलं, आबांना पटलं का?

"पटलं. शेजारच्या काकांकडे चहालाही जाऊन आले." मग म्हणाला, "पण म्हणाले, बटणं त्यानं बदलली नाहीत ना, ते बघ."

*

कुणाची जीभ गोल वळते आणि कुणाची नाही, हे घरी पाहून लिहून आणा, असा मी गृहपाठ दिला. नेमकं त्याच रविवारी कविताच्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे आले. पोहे देऊन झाले, कुणाला काही सुचेना. तेवढ्यात कविता वही घेऊन आली आणि नवऱ्या मुलाला जीभ वळवायला सांगितली. वडील तिला आत पाठवायला उठले. पण मुलाने वळवली. मग त्याच्या आईने, मग मामाने. बैठकीत सगळे जिभा काढून बसलेले असताना बहीण पहिल्यांदा हसली, आणि लग्न जमलं.

कविताच्या वहीत एवढंच होतं: "एकूण सहा पाहुणे. पाच जणांची वळते. एकाच्या तोंडात तंबाखू होती."

*

पालकसभेला मी खेळ मांडून ठेवते. त्या दिवशी लाल आणि पांढऱ्या बटणांवर मुलगा की मुलगी हे दाखवत होते. आईच्या पिशवीत दोन्ही लाल, बापाच्या पिशवीत एक लाल, एक पांढरं. पांढरं आलं तर मुलगा.

दीपालीची आजी, अक्का, पुढे आल्या. तीन नातीच झाल्या म्हणून त्या सुनेला चारचौघांत बोलायच्या. आजही सून मागे खाली मान घालून उभी होती. अक्कांना स्वतःला चार मुलींनंतर मुलगा झाला होता, आणि त्यांच्या सासूने त्यांना काय काय ऐकवलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्कांनी आईच्या पिशवीतून बटण काढलं. लाल. पुन्हा काढलं, पुन्हा लाल. मग पिशवीच टेबलावर उलटी केली.

"यामा पांढरं शेच नही?"

मी म्हटलं, नाही अक्का. पांढरं फक्त बापाच्या पिशवीत असतं.

अक्कांनी दोन्ही लाल बटणं परत पिशवीत भरली. सुनेकडे एकदा पाहिलं. मग बापाची पिशवी उचलली आणि बाहेर गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर त्यांचे यजमान, नाना, पेपर वाचत बसले होते. आम्ही सगळे खिडकीशी.

"घाला हात," अक्का म्हणाल्या.

नानांनी काय आहे ते विचारलं. अक्कांनी पिशवी हलवून दाखवली, तसा हात घातला. लाल निघालं.

अक्कांनी बटण तळहातावर घेऊन पाहिलं, परत पिशवीत टाकलं, आणि पिशवी पुन्हा त्यांच्यापुढे धरली.

"आजून तीन डाव."