तालमीतली लेक

थिएटरच्या कोरसमध्ये तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत. आली तेव्हा ती वयाने सगळ्यांत लहान होती, म्हणून ते नाव पडलं. पुढे मोठ्या बायका एकेक करून निवृत्त झाल्या, हिच्या कानांवरचे केस पांढरे झाले, आणि तरी नाव काही सुटलं नाही. नव्या पोरी तिला ‘धाकटीताई’ म्हणत आणि त्यात काही गंमत आहे हे त्यांच्या गावीही नसे.

तरुणपणी तिला एकटीने गायचं होतं. परीक्षेला उभी राहिली तेव्हा समोरचे म्हातारे गुरुजी शांतपणे ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, “आवाज गोड आहे पोरी. पण दुसऱ्यांत मिसळून जाणारा आहे. कोरसला असा आवाज मिळत नाही.”

कौतुकच होतं ते. घरी येऊन तिने आईला तसंच सांगितलं, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली.

तिचा नवरा बस चालवायचा. कोरसचा कार्यक्रम असला की ड्यूटी बदलून घ्यायचा आणि वरच्या सज्जात जाऊन बसायचा. “आमचा कंडक्टर तिकिटं फाडतो, तुमचा नुसती काडी हलवतो, आणि टाळ्या मात्र त्याला!” हा त्याचा ठरलेला विनोद. कार्यक्रम संपला की त्याचा प्रश्नही ठरलेला.

“त्यात तुझा आवाज कोणता होता गं?”

“ओळखू आला तर मला काढून टाकतील,” ती हसून म्हणायची.

तो मान डोलवायचा. पण पुढच्या वेळी पुन्हा सज्जाच्या कठड्यावर वाकून, कान टवकारून बसायचा.

त्या वर्षी थिएटरने मोठी मैफल ठरवली. निरनिराळ्या ऑपेरांमधली निवडक गाणी, पूर्ण वाद्यवृंद, आणि बाहेरून बोलावलेले दोन नामांकित गायक: एक सोप्रानो, उंच पट्टीत गाणारी बाई, आणि एक बॅरिटोन, भरदार आवाजाचा उमदा गडी. कोरसला मागे उभं राहून दोनचार गाणी म्हणायची होती. कार्यक्रमाचा कळस होता तो बापलेकीच्या गाण्याचा. लहानपणी हरवलेली मुलगी बापाला कितीतरी वर्षांनी भेटते आणि दोघं एकमेकांना ओळखतात, असा तो प्रसंग.

हे गाणं धाकटीला तोंडपाठ होतं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं मागे उभं राहून ऐकताना ते अंगात मुरलं होतं. भांडी घासताना, स्टॉपवर बसची वाट बघताना लेकीचं गाणं तिच्या ओठांत चालूच असे.

मैफलीच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम होती. वाद्यं जुळली, बॅरिटोन येऊन उभा राहिला, पण बाईंचा पत्ता नाही. धुक्यामुळे त्यांचं विमान अडकलं होतं. दुपारपर्यंत पोचतील असा निरोप आला. वाद्यवृंदाच्या कंडक्टरने घड्याळ पाहिलं आणि कोरसकडे वळून म्हणाला, “बापलेकीचं गाणं बसवून घ्यायला हवं. लेकीचं नुसतं खुणेपुरतं म्हणेल का कोणी? हळू म्हटलं तरी चालेल.”

कोणी काही बोलायच्या आत शेजारच्या पोरींनी धाकटीला पुढे ढकललं. “धाकटीताई म्हणतील!”

“अगं, गप्प बसा!” ती कुजबुजली. तोवर सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळल्या होत्या.

अंगात घरचा स्वेटर, पायांत चालायचे बूट, अशी ती रंगमंचाच्या पुढच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. बॅरिटोन तिच्यापेक्षा चांगला दहाएक वर्षांनी लहान असेल. “नमस्कार, लेकी,” तो हसून म्हणाला, आणि तिलाही हसू फुटलं.

तो आधी अर्ध्या आवाजात गात होता. संध्याकाळसाठी गळा राखायचा, ही तालमीची रीतच. तीही खुणेपुरतंच म्हणणार होती. पण ‘तुम्हीच का ते?’ असं लेक विचारते त्या जागी आली, आणि आवाज दाबायचा हे विसरूनच गेली. तो सुटला तो थेट सज्जापर्यंत गेला. बॅरिटोन हातातल्या कागदावरून नजर काढून तिच्याकडे वळला. मग त्यानेही गळा राखणं सोडून दिलं. दोघांच्या आवाजांमधून वाद्यं वाहू लागली. कंडक्टरला मध्ये थांबवायचं होतं की नाही कोण जाणे, पण तो थांबला नाही.

गाणं संपल्यावर व्हायोलिनवाल्यांनी गजांनी समोरच्या स्टँडवर हलकेच टकटक केलं. त्यांच्यात ती टाळी असते.

“आभारी आहे,” कंडक्टर म्हणाला. “पितळी वाद्यं, शेवटी जरा हळू. चला, पुढचं घेऊ.”

ती आपल्या जागी परत गेली. पोरींनी तिचे हात दाबले.

बाई दुपारी आल्या आणि संध्याकाळी गायल्या, त्या अशा गायल्या की नाव ठेवायला जागा नव्हती. मागच्या ओळीत काळ्या पोशाखात उभ्या असलेल्या धाकटीने मनात कबूल केलं, ही माझ्यापेक्षा सरस आहे. तरी गळा ऐकेना. मिटल्या तोंडाआड तो बाईंबरोबर वर चढत होता, खाली उतरत होता. एके ठिकाणी बाईंनी श्वास वेगळ्या जागी घेतला, तर हिचा नेहमीच्या जागी घेतलेला श्वास छातीतच अडकून राहिला.

नंतर बॅरिटोन हातात फुलं घेऊन त्यांच्या ओळीजवळून गेला. सगळ्यांकडे पाहून हसला, तसा तिच्याकडे पाहूनही हसला. काळ्या कपड्यांत, केस बांधलेली ती त्याला ओळखू आली नसावी.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. दुपारी तो गणवेशाला इस्त्री करत होता, तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याची इस्त्री हवेतच थांबली.

“काल सकाळी? अगं, थिएटरसमोरच्या सिग्नलला तेव्हा बस घेऊन उभा होतो मी.”

“बाहेर ऐकू येत नाही हो.”

“इतकी वर्षं मी सज्जातून कान लावून बसतो, आणि तू एकटी गायलीस तेव्हा मी हॉर्न वाजवत होतो!” त्याने इस्त्री बाजूला ठेवली. “आता म्हण. इथे.”

“काहीतरीच! शेजारचे काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. सुरुवात चाचरत झाली, मग आवाज मोकळा झाला. तो खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिला. त्यात दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता. इतकी वर्षं तो शोधत होता तो हाच, हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं आणि त्याने मान खाली घातली.

गाता गाता ती मधेच थांबली.

“काय झालं?”

“इथे तो येतो,” ती म्हणाली. “बाप.”

तिची नजर खिडकीबाहेर कुठेतरी लागली होती.

“बरंच गाणं असतं का त्याचं?” त्याने विचारलं.

“हो, बरंच.”

“मग असू दे,” तो म्हणाला. “त्याचं होईपर्यंत थांबू आपण.”

ती ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत राहिली, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत बसला.