आखाजीसाठी राखून ठेवलेला हात

मे महिन्यात जळगावला उतरायचं म्हणजे भट्टीत पाय ठेवायचा. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. स्टेशनाबाहेर गरम झळ तोंडावर आली आणि मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) माहेर मी कधी चुकवलं नाही.

धुळ्याच्या एस.टी.त शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरले चालनी का वं?" (माहेरी निघालीस का?)

"हो, अक्काकडे. मांडे खायला," मी म्हटलं.

अक्का माझी थोरली बहीण; आई गेल्यापासून तिचंच घर माझं माहेर. खापरावरचे मांडे (मोठ्या पुरणपोळ्या) करावेत तर तिनंच. पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या, तापल्या खापरावर अलगद टाकायची. मग तिच्या हाताला कंप सुटला आणि सगळं थांबलं. गेल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूत बारीक तार बसवली, छातीच्या कातडीखाली बॅटरी. छातीवर चुंबक टेकवलं की यंत्र सुरू, पुन्हा टेकवलं की बंद. हात स्थिर झाला तेव्हा आम्ही दोघी दवाखान्यातच रडलो होतो.

पारोळ्याच्या पुढे उतरून घरी पोचले तर काय, अक्काचा हात लटलट कापतोय आणि सून तिला बशीनं चहा पाजतेय! मी पिशवी दारातच टाकली.

"यंत्र बिघडलं का गं?"

"नही वं, मीच बंद करेल शे. बॅटरी सरनी तं पुन्हा छाती कापतीन. आखाजीले बठ्ठ्या पोरी येतीन, मांडासाठे राखी ठेयेल शे." (मीच बंद ठेवलंय. बॅटरी संपली तर पुन्हा छाती कापतील. आखाजीला सगळ्या मुली येतील, त्यांच्या मांड्यांसाठी राखलंय.)

माझं डोकंच फिरलं. वर्षभर ही बाई दुसऱ्याच्या हातून जेवली! मी तिला मुंबईच्या डॉक्टरांचा निरोप सांगितला: डोक्याबाहेरून चुंबकाचे झटके देतात, त्यांची आतल्या तारेला जोड मिळाली तर कदाचित कमी विजेवर भागेल, बॅटरी जास्त टिकेल. पण तार बसवलेल्या डोक्याला ते सोसेल का, याची त्यांनाही खात्री नव्हती.

"खात्री व्हवू दे, मंग सांग," अक्का म्हणाली.

आखाजीच्या सकाळी तिनं पदराआड चुंबक टेकवलं. हात थांबला. मांडा तिच्या हातांवर फिरत फिरत मोठा झाला. आखाजीसाठी बांधलेल्या झोक्यावरच्या पोरी धावत आल्या. मला आमची आई आठवली. डोळे वाहिले, पण चुलीचा धूर होता म्हणून निभावलं.

शेवटचा मांडा उतरला आणि ती पुन्हा चुंबक शोधू लागली.

"खबरदार! आधी आपल्या हातानं जेव."

"बॅटरी..."

"जळो ती बॅटरी!"

ती हसली, पानावर बसली. मांडा आमरसात बुडवून तोंडापर्यंत नेला. थेंबही सांडला नाही. बराच वेळ ती चावत राहिली. मग म्हणाली, "मन्हा हातनी चव मीच इसरी गयथू." (माझ्या हातची चव मीच विसरले होते.)

निघताना मी तिला दटावून विचारलं, "आता रोज सुरू ठेवशील ना?"

"जेवाले बससू तवय," ती म्हणाली. जेवायला बसेन तेव्हा. घासाघीस करून एवढंच पदरात पडलं.

मुंबईला माझ्या घरी पोचल्यावर आंघोळ करून पान वाढून घेतलं. आता अक्का जेवायला बसली असेल, असं मनात आलं. रडू तर येतच होतं, पण भूकही सपाटून लागली होती.