गुंजी स्टेशनवरून जुळवलेला कीबोर्ड

एक कबुली आधीच देऊन टाकते. चांगला चालणारा कीबोर्ड मी चमच्याच्या दांड्यानं उचकटला आणि त्याच्या झाडून साऱ्या कळा पोहे निवडायच्या ताटात काढून ठेवल्या. तेव्हा मी तरुण होते, चौसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं येतं असंच वाटत असतं. घरून काम करायचे दिवस होते. बेळगावच्या एका वकीलसाहेबांकडचे कन्नड कागद मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडं होतं. निपाणीत माझ्या लॅपटॉपवर बसायचं आणि रिमोट डेस्कटॉपनं बेळगावच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायचा, असा तो मामला. एका सकाळी टाइप करायला बसले तर दाबावं एक आणि उमटावं भलतंच. ‘जमीन’ लिहायला गेले की पडद्यावर असं काही यायचं की ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

तारावन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, गेल्या त्याला आता दीड महिना झाला. सकाळी भाचीचा फोन आला, “मामी, आई झोपेतच गेली…” पण खरं सांगते, त्यांच्यासाठी रडायला घेतलं की मधेच ते ताट डोळ्यांपुढं येतं आणि सगळा विचका होतो. आमची ओळख माझ्या लग्नापासूनची. मी तेव्हा मराठी टायपिंग शिकवायची आणि माझी मान सदैव दोन इंच वर असायची. पुढं वन्सं बेळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये लागल्या, तर मी भर पंगतीत विचारलं, त्या खेळण्याला वंगण कुठं घालायचं असतं? सगळे हसले. वन्संही हसल्या आणि मला आणखी एक जिलबी वाढली. अपमानाला जिलबीनं उत्तर देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या जिलबीचा अर्थ कळायला मला तीसेक वर्षं लागली, हा भाग वेगळा.

तर कळा मी का उपटल्या? टाइपरायटर सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं की कळ आणि अक्षर एकाच दांडीच्या दोन टोकांना असतात. अक्षर चुकलं तर दांडीची जागा चुकली, ती दुरुस्त करायची. मी हयातभर तेच केलं होतं. म्हटलं, पडद्यावर जे उमटतंय त्या हिशेबानं कळा लावू. लावल्या… उमटायचं तेच उमटलं. मग परत काढल्या. इंग्रजी टायपिंग मी कधी शिकले नव्हते, त्यामुळं कुठली कळ मुळात कुठं होती, देव जाणे. तेवढ्यात बराच वेळ हात न लावल्यामुळं पलीकडच्या पडद्यानं कुलूप घातलं आणि इंग्रजी पासवर्ड मागितला. संध्याकाळपर्यंत कागद द्यायचे होते. आदल्याच आठवड्यात वकीलसाहेब सहज म्हणाले होते की बाई, वय झालं, जमत नसेल तर बेळगावातलंच कुणी बघू. नवरा गेल्यानंतर त्या कामानंच मला रोज सकाळी वेणी घालून खुर्चीत बसवलं होतं. ते गेलं असतं तर मी काय, लोणचं घालत बसले असते? आणि मला तर धड लोणचंही येत नाही.

शेवटी नाक मुठीत धरून तारावन्संना खानापूरपलीकडं गुंजीला फोन लावला. वन्सं निवृत्तीनंतर तिथंच राहायच्या. घरात त्यांना धड रेंज मिळायची नाही, म्हणून जेवणाचं ताट झाकून त्या स्टेशनवरच्या बाकावर येऊन बसल्या. काय केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. समोर काय दिसतंय तेवढं विचारलं. मी म्हटलं, ताट. नंतर कळलं की पलीकडं त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनी वरच्या ओळीपासून एकेक अक्षर तोंडपाठ सांगायला सुरुवात केली आणि मी ताटातून वेचून बसवत गेले. मधेच लोंढ्याकडं जाणारी मालगाडी आली. ती जाईस्तोवर आम्ही दोघी फोन धरून गप्प बसलो, माझ्या हातात एम तसाच.

कळा बसल्यावर त्या म्हणाल्या, आधी स्वतःच्याच लॅपटॉपवर चार शब्द लिहून बघ. लिहिले, बरोबर आले. आता पासवर्ड टाकून बेळगावच्या पडद्यात शिर आणि तेच लिही. चुकले. “मग वैनी, तुझ्या बोटांचं कायबी चुकल्यालं न्हाय,” त्या म्हणाल्या. “तू कितवी कळ दाबलीस एवढंच तिकडं पोचतं. अक्षर कुठलं काढायचं ते तिकडचा कॉम्प्युटर ठरवतो. तिकडं कुणीतरी दुसरा कीबोर्ड निवडलाय.” मी सकाळपासून माझ्याच पडद्याच्या कोपऱ्यातलं ‘मराठी’ बघून खात्री करून घेत होते; त्यांनी मला बेळगावच्या पडद्याचा कोपरा बघायला लावला. तिथं भलताच कीबोर्ड निवडलेला होता. तो काढून टाइपरायटरच्या पद्धतीचा मराठी कीबोर्ड निवडायला लावला. शिवाय नुसती फुली मारून बाहेर पडू नको, बजावलं. तशानं आतलं सगळं आहे तसंच राहतं, नीट साइन आऊट करून परत ये. परत आले. ‘जमीन’ लिहिलं. जमीन आली. इतकी सुंदर जमीन मी उताऱ्यावरसुद्धा पाहिली नव्हती.

मी लगेच ठरवलं की उशिराचं कारण म्हणून साहेबांना लाइट गेली होती असं सांगायचं. वन्संनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लॅबमधल्या बाईंसारखा झाला. “लाइट गेली म्हणलीस तर दुरुस्त काय हुणार? उद्या त्याच मशीनवर दुसरी कोण तरी अडकंल. ताटासकट सांग.” सांगितलं. वकीलसाहेबांना हसताना उचकी लागली. मग ते म्हणाले, हे दुरुस्त कसं करायचं ते कागदावर लिहून पाठवा, सगळ्यांना उपयोगी पडेल. बेळगावातलं कुणीतरी बघायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वन्संना कळवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ताट धुतलं का.

आता त्यांचा नंबर फोनमधून काढायला हात होत नाही, म्हणून काढलेला नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या नव्या अनुवादक बाईंचा फोन आला. खानापूरच्या, दोन लेकरांची आई, कामाला लागून जेमतेम महिना. रिमोटमधून पासवर्डातलं एक चिन्ह भलतंच जात होतं. हट्टानं तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून त्यांनी खातं बंद पाडून घेतलं होतं. रडवेल्या झाल्या होत्या. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, एवढंच घोकत होत्या. मी त्यांना ते चिन्ह आधी स्वतःच्या पडद्यावर उघडं लिहून बघायला लावलं, मग बेळगावच्या मशीनवर कुठला कीबोर्ड लावलाय तो साहेबांकडूनच तपासून घ्यायला सांगितलं. बंद पडलेलं खातंही तेच उघडू शकत होते. म्हणजे फोन केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तेच त्यांच्यानं होईना. मग मी त्यांना चमचा, पोह्यांचं ताट आणि मालगाडी, सगळं सविस्तर सांगितलं, तारावन्संच्या नावासकट. पलीकडचं मुसमुसणं थांबलं. त्या आपल्या खानापूरकडच्या बोलीत म्हणाल्या,

“आज्जी, मग सरांना मीच फोन करून सांगतो. एवढं करून तुमची नोकरी टिकली म्हंजे माझी काय जात न्हाय बघा.”