पट्टीवरचं चित्र

"मॅडम, तुम्हीच पुसा ना. तुम्हाला सवय आहे."

चौथीच्या वर्गात एका मुलाला उलटी झाली होती. तो माझ्या खोलीतला नव्हता. चांगला धडधाकट, डबा घाईघाईत खाल्लेला. केतकी मॅडम, म्हणजे चौथीच्या वर्गशिक्षिका, नाकाला ओढणी लावून दारात उभ्या होत्या. मी नेमकी तिथून चालले होते, म्हणून मला म्हणाल्या. साफसफाईच्या मावशी त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी फडकं आणि बादली आणली, गुडघ्यावर बसले, पुसलं. सगळा वर्ग बघत होता. केतकी मॅडम मुलांना सांगत होत्या की अशा लोकांना थँक्यू म्हणायचं असतं.

मुलांनी एका सुरात थँक्यू म्हटलं.

मी विशेष शिक्षिका आहे. विशेष शिक्षणातलं बी.एड. केलंय, रीतसर नोंदणी आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ज्या शाळेत मी कंत्राटावर शिकवते, तिथे मला 'त्या मुलांची मॅडम' म्हणतात. त्या मुलांचं जे सांडतं, ओलं होतं, ते मी निस्तरते. त्याची मला कधी लाज वाटली नाही. एखाद्या मुलाला चड्डी ओली होण्याआधी हात वर करायला शिकवणं हे शिकवणंच आहे. उलटीचंही काही वाटलं नाही. त्या 'सवय' शब्दाचं वाटलं. कारण ती खरंच होती.

मी सुरगाण्याकडची. घरी आम्ही डोंगरातली कोकणी बोलतो, आमची आदिवासी बोली, गोव्याची कोकणी नव्हे. आईबाप द्राक्षबागांच्या कामाला नाशिककडे उतरायचे आणि मी आश्रमशाळेत. गुरुजी मराठीत शिकवायचे. मला निम्मं कळायचं नाही, म्हणून मी गप्प बसायची. गप्प बसते म्हणून गुरुजी म्हणाले, हिला डोकं नाही. झालं. दारापाशी, चपलांच्या शेजारी माझी जागा ठरली.

तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी आम्हा दारापाशी बसणाऱ्यांना उठवायचे. "ज्यांना वाचता येत नाय त्यांनी ओढ्यावर जायचं. साहेब जाईपर्यंत वर यायचं नाय." आम्ही ओढ्यावर जाऊन बसायचो. जीप आल्याचा आवाज यायचा. मग बऱ्याच वेळाने जीप गेल्याचा. वर आलो की साहेबांसाठी केलेल्या शिऱ्याचं पातेलं आमच्यापुढे घासायला ठेवलेलं असायचं. तळाला लागलेला शिरा आम्ही बोटांनी खरवडून खायचो आणि खूश व्हायचो. त्या खूश होण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

पुढे शिकले कशी, ते सांगत बसत नाही. थकायला होतं. शिकले.

शाळेत माझी खोली तळमजल्यावर शेवटची, खेळाच्या सामानाशेजारी. मुलं मागच्या गेटने येतात आणि घंटा व्हायच्या आधी मागच्याच गेटने जातात. पुढच्या गेटवर बाकीच्या पालकांच्या गाड्या असतात, गर्दी नको, असं कारण सांगतात. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

त्या खोलीतली अल्फिया. तिच्या अब्बांचं द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. पोर स्वमग्न आहे. बोलते फार थोडं, एका वेळी एक शब्द. पुढे काय होणार हे माहीत नसेल तर कानांवर हात दाबून जमिनीवर बसते आणि मग तिला कोणी हलवू शकत नाही. अशा मुलांसाठी आम्ही भिंतीवर पट्टी लावतो. लांब कापडी पट्टी, तिच्यावर एकाखाली एक चिकटवलेली चित्रं. प्रार्थना, अक्षरं, डबा, झोका, घर. एक गोष्ट झाली की मूल स्वतः ते चित्र काढून डब्यात टाकतं आणि पुढच्या चित्राकडे जातं. अल्फियासाठी दिवस म्हणजे ती पट्टी.

आमच्या कामात याचा एक नियम आहे. पट्टीवर खोटं लावायचं नाही. झोका लावला तर झोका द्यायचाच, मैदानात कुणाची मॅच का चालू असेना. मोठी माणसं तोंडाने शंभर वेळा फसवतात, तेवढी एक पट्टी फसवत नाही. म्हणून मूल तिच्यावर विश्वास ठेवतं.

आमचा विशेष शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे बातम्यांची कात्रणं येत राहतात. कोर्टाने सांगितलं, विशेष शिक्षकांची पदं भरा. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांचा विचार करा. प्रत्येक शाळेत असा शिक्षक हवा. कुणी हात जोडलेले टाकतं, कुणी पेढे. मग एखादी विचारते, खासगी शाळेतल्या आपल्याला लागू आहे का हे? त्यावर कुणीतरी आणखी एक कात्रण टाकतं. बातम्यांचा आमच्या शाळेवर एकच परिणाम झाला. गेटवर नवा फलक लागला, 'समावेशक शाळा'. पुढच्या गेटवर.

मग शाळा तपासायला बोर्डाची समिती येणार असं कळलं. प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नाहीत. चहा देतात, गोड बोलतात. म्हणाल्या, माझी मुलं त्या दिवशी नेहमीच्या वर्गांत बसलेली दिसली पाहिजेत. मी आसपास असावं, पण समितीच्या नजरेत येऊ नये.

मला हसू आलं आणि रडूही. किती वेळा मागितलं होतं हेच. अल्फिया चौथीच्या वर्गात बसू शकते, तिची तयारी झाली आहे, रोज एक तास तरी द्या. दर वेळी पोर्शनचं कारण. आता समिती येणार म्हटल्यावर अख्खा दिवस मिळाला. म्हटलं, मिळतोय तर घ्यावा. मोबाईलवर चौथीच्या वर्गाचा फोटो काढला, खिडकीजवळच्या बाकाचा. लॅमिनेट केला. अल्फियाच्या पट्टीवर प्रार्थनेखाली लावला.

समितीच्या दिवशी ती बसली. घंटेला कान झाकले, पण उठली नाही. चौकटीच्या वहीत केतकी मॅडमनी फळ्यावर काढलेल्या अपूर्णांकांच्या आकृत्या रंगवत बसली. समितीतल्या एका बाईंनी वही उचलून बघितली, छान म्हणाल्या. मी समोरच्या जिन्यात उभी राहून बघत होते. घरी जाताना अल्फियाने अम्मीचा हात ओढून वरच्या मजल्याकडे बोट केलं. "खिडकी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी मला मागच्या गेटवर म्हणाली, "मॅडम, कल से नुसती खिडकी खिडकी करतेय. खूश आहे खूप. आता रोज वर बसेल ना?"

बघते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अल्फिया खोलीत आली. डब्यात हात घातला, चित्रं चाळली आणि चौथीचा फोटो काढून स्वतः पट्टीवर चिकटवला. बरोबर प्रार्थनेखाली. प्रार्थना झाली आणि ती निघाली. एकटी. जी पोर कॉरिडॉरमध्ये माझा हात सोडत नव्हती, ती एकटी जिना चढून गेली. बाकीच्या मुलांकडे मावशींना बघायला सांगून मी मागे मागे.

केतकी मॅडम दारात आल्या. म्हणाल्या, काल समिती होती म्हणून ठीक होतं, आज मला पोर्शन संपवायचाय. तुमची मुलगी घेऊन जा. अल्फिया बाकावर जाऊन बसली होती. शेजारच्या मुलीने दप्तर सरकवून तिला जागाही दिली होती.

मी हललेच नाही. तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम आल्या. त्या नेहमीसारख्याच शांत होत्या.

"तिला उचलायची गरज नाही. रडारड नको," त्या म्हणाल्या. "पट्टीवरचं चित्र बदला ना. खोलीचं लावा. ती आपोआप उठून येईल. तुम्हाला सवय आहे याची."

हे खरं होतं. मी पट्टी वर आणली असती, तिच्यासमोर फोटो काढून खोलीचं चित्र लावलं असतं तर अल्फिया उठली असती. एक शब्द न बोलता, माझ्या मागोमाग. कुणाला तिचं रडणं ऐकावं लागलं नसतं. तिला जगात ज्या एका गोष्टीवर भरवसा आहे, तीच हातात घेऊन तिला बाहेर काढायचं होतं, आणि ते मी करायचं होतं. माझं शिक्षण त्यांना यासाठी हवं होतं.

मला एकदम ओढा आठवला. गुरुजींनी आम्हाला कधी मारून हाकललं नाही. ते म्हणायचे, आणि आम्ही उठून जायचो. जाताना एकमेकींचे हात धरायचो.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पट्टीवर मी खोटं लावत नाही. ती चौथीत बसणार असं लागलंय. ती बसेल."

प्रिन्सिपल मॅडमनी केतकी मॅडमकडे बघितलं. मग मला हळू आवाजात आठवण करून दिली की माझं कंत्राट शाळा पुन्हा करते, आपोआप होत नाही. मी मागच्या भिंतीपाशी जाऊन खाली फरशीवर बसले, अल्फिया मला दिसेल अशी. केतकी मॅडमनी नाइलाजाने फळ्यावर अपूर्णांक लिहायला घेतले. अल्फियाने पेन्सिल काढली. तास झाला. जग काही बुडालं नाही.

पुढे जे व्हायचं ते चालू आहे. चौथीच्या पालकांच्या ग्रुपवर 'आमच्या मुलांचं नुकसान होतंय' असं सुरू झालंय. अल्फियाच्या अब्बांना भेटायला बोलावलंय, 'तिच्यासाठी दुसरी शाळा बरी' हे सांगायला. मी अम्मीला मागच्या गेटवर थांबवून सगळं सांगितलं. वर्गात बसणं हा तिचा कायद्याने हक्क आहे, मेहेरबानी नाही. अब्बांनी एकट्याने जायचं नाही, मी सोबत येईन. जे बोलतील ते लेखी मागायचं. अम्मीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आणि तुमची नौकरी?"

मी तिला अब्बांच्या भेटीची वेळ विचारून घेतली. मी थकलेय, ते खरं आहे. घरी गेले की बूट काढायचा कंटाळा येतो. पुढचं कंत्राट मिळणार नाही, हे मला जवळपास माहीत आहे. मग दुसरी शाळा, दुसरी शेवटची खोली, पुन्हा पहिल्यापासून.

पण अल्फिया आता मागच्या गेटने येत नाही. मी पुढच्या गेटवर, त्या फलकाखाली उभी राहते आणि तिला तिथून आत आणते. वॉचमनने पहिल्यांदा अडवलं, मग सोडलं. खोलीत गेलो की ती चौथीचा फोटो लावते आणि मी हात लावत नाही.

ज्यांना तो काढायचाय त्यांनी खाली माझ्या खोलीत यावं. मुलं बसलेली असताना यावं. अल्फियाच्या समोर उभं राहून, स्वतःच्या हाताने काढावा. माझ्या हाताने तो निघणार नाही.