कबुतरं कुणाच्या खर्चात

डावा हात वर करून ते अख्खी मिरवणूक थांबवायचे. ढोल थांबायचे, घोषणा थांबायच्या, उघड्या जीपवर हात जोडून उभा असलेला उमेदवार आहे तिथेच थिजायचा. मग कॅमेऱ्यामागून आवाज यायचा, "नवरदेव कुठंय? नवरदेव, जरा पुढं या. तोंडावर सावली पडून राह्यली."

आणि उमेदवार पुढे यायचा! आमदारकीला उभा राहिलेला, तालुक्याला दम देणारा गृहस्थ निमूटपणे पुढे सरकायचा आणि विचारायचा, "आता बराबर?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा शूटिंगवाला असेल. ज्याच्या परवानगीशिवाय नवरीला शिंकता येत नाही आणि जो भटजींना शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणायला लावतो. आमचे हे शूटिंगवाले परतूरचे. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत यांचाच कॅमेरा. माझ्याही लग्नात हेच होते. माझ्या लग्नाच्या फितीत माझ्यापेक्षा माझी मावशी जास्त दिसते. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "ताई, तुम्ही नुसत्या उभ्या होत्या. मावशी मनापासून रडत होत्या. मंग कॅमेरा कुणावर धरावा?"

मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. निवडणूक लागली की आमच्यासारख्यांना कापूस-सोयाबीन सोडून कुठल्या तरी पथकावर जावं लागतं. त्या विधानसभेला माझ्या वाट्याला चित्रीकरण पथक आलं. एक जीप, एक ड्रायव्हर, पथकप्रमुख म्हणून मी आणि ठेकेदाराने पाठवलेला कॅमेरावाला. जीपमधून उतरून पाहते तर हे.

"ताई, तुम्ही?" त्यांना फार आनंद झाला. "साहेब कसे हायेत? मावशी?"

काम तसं सोपं. उमेदवाराने प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादा असते, आणि तो स्वतःहून दाखवेल तो खर्च जरा कमीच असणार असं सरकार धरून चालतं. म्हणून आम्ही सभांना जायचं आणि दिसेल ती वस्तू टिपायची. मंडप, खुर्च्या, भोंगे, हार, गाड्या. मग जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरं पथक आमच्या फिती बघून वस्तू मोजणार, सरकारी दर लावणार आणि तो खर्च उमेदवाराच्या नावावर टाकणार. हे सगळं मी त्यांना पहिल्या दिवशी जीपमध्ये समजावून सांगितलं.

"लक्षात आलं ना? आपल्याला वस्तू काढायच्या आहेत. माणसं नाही."

"मंग माणसं कोण काढणार?"

"कुणीच नाही. माणसांचा खर्च लागत नाही."

त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली. मग म्हणाले, "खुर्चीवर माणूस बसलेला असताना माणूस सोडून खुर्ची काढायची? जल्मात असं काम केलं न्हाई ताई."

पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी कमाल केली. इतर पथकं आली की उमेदवारांची माणसं गाड्या लपवायची. कुणी शाळेमागे लावायचं, कुणी जिनिंगच्या आवारात. आमचं पथक आलं की उलटं. एका बड्या उमेदवाराच्या सभेला समोर दोनच जीप उभ्या होत्या. यांनी कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"एवढ्या मोठ्या माणसाची सभा आन् दोनच गाड्या? फ्रेम रिकामी दिसून राह्यली. लोकं काय म्हणतील?"

कार्यकर्ते ओशाळले. एकाने हळूच विचारलं, "आणखी हायेत. आणू का?"

"आणा ना! सगळ्या एका लाइनीत लावा. पांढऱ्या एकीकडं, काळ्या एकीकडं. जल्दी करा, उजेड चाललाय."

शाळेमागून, आमराईतून, कुणाच्या तरी गोठ्यामागून गाड्या निघाल्या. एवढ्या निघाल्या की ड्रायव्हरने आमची जीप बाजूला घेतली, नाहीतर तीही लाइनीत लागली असती. यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश कॅमेरा फिरवला. एकेका गाडीचा नंबर वाचता यावा असा. कार्यकर्ते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

त्या उमेदवाराचा खर्च त्या एका संध्याकाळीच भलता फुगला. खर्च निरीक्षक साहेब परराज्यातून आलेले, कडक, कधी हसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "परतूर की टीम कौन है? बहुत अच्छा काम." मी उभी राहिले. यांनी काय केलं होतं ते सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून नुसती मान डोलावली.

आता मुख्य गोष्ट सांगते.

रोजचं चित्रीकरण रोज जसंच्या तसं जमा करायचं असा नियम होता. यांना तो पटत नव्हता. "कच्चा माल गिऱ्हाइकाला देत नसतो मी. अर्धवट शिजलेलं ताटात वाढायचं का?" मी दोन वेळा रागावले, तेव्हा हो म्हणाले. मला वाटलं, समजलं.

एक अपक्ष उमेदवार होता. बी-बियाण्यांचा दुकानदार, पहिल्यांदाच उभा राहिलेला, मागे ना पक्ष ना पैसा. त्याची एका गावात सभा झाली. सभा म्हणजे शेडनेटचा तुकडा बांधलेला मंडप, थोड्या खुर्च्या आणि मोजकी माणसं, त्यातली काही त्याच्याच घरची. बिचारा घामाघूम होऊन बोलला. बियाण्यांच्या भावावर चांगलं बोलला, पण ऐकायला माणूस नव्हतं. परत येताना जीपमध्ये हे एकदाच म्हणाले, "नवरदेव लई एकटा पडला हो."

चौथ्या दिवशी त्या दुकानदाराला नोटीस गेली. प्रचारात पक्ष्यांचा वापर केला, परवानगी घेतली नाही. शिवाय पुष्पवृष्टीचा खर्च दाखवला नाही. फुलांचा दर किलोवर. फितीत फुलं सभा संपेपर्यंत पडत होती, त्यामुळे अंदाजाने धरलेलं वजन एवढं झालं की बिचाऱ्याच्या अख्ख्या प्रचारापेक्षा फुलंच महाग निघाली. नोटिशीची एक प्रत मला आली, सोबत लेखी खुलासा मागवलेला.

मी फीत मागवून पाहिली. दुकानदार बोलायला उभा राहतो. त्याच्याभोवती बदामाचा आकार येतो. सनई सुरू होते. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागतात आणि "शेतकरी बांधवांनो" म्हणता म्हणता त्याच्या दोन्ही खांद्यांमागून पांढऱ्याशुभ्र कबुतरांचा थवा उडून जातो.

"हे काय केलंत?" मी फोनवर ओरडले.

"बरं दिसंना ताई," पलीकडून आवाज आला. "मोकळं मोकळं दिसत होतं. म्हणून जरा भरून काढलं."

सुनावणी जालन्याला ठेवली. मी घाबरले होते. माझ्या नोकरीवर शेरा बसला असता. ठेकेदाराने यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पैसे कापणार आणि पुन्हा काम देणार नाही. पण सगळ्यात वाईट अवस्था दुकानदाराची होती. प्रचाराचे शेवटचे दिवस, आणि परतूरच्या बाजारात लोक त्याला विचारत होते, "काय शेठ, कबुतरांना चारा किती लागतो?"

हे मात्र लग्नाचा सफारी घालून आले होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग.

निरीक्षक साहेबांनी फीत लावायला सांगितली. सनई वाजली. पूर्ण वाजू दिली. मग चष्मा काढून म्हणाले, "ये कबूतर किसके हैं?"

"मेरेच हैं साहब," हे उभं राहून म्हणाले. "कंप्युटर के हैं. शादी वाले."

"आपने उम्मीदवार को दिए?"

"दिए मतलब... उडाए."

साहेबांच्या शेजारी हिशेबाचे एक सहायक बसले होते. तरुण, अत्यंत काटेकोर. पाकळ्यांचं वजन या सहायकांनीच धरलेलं. ते पुढे वाकले. "कबुतरं खरी नाहीत हे मान्य. पण बाजारात त्यांना दर आहे. लग्नात या कबुतरांचे तुम्ही वेगळे किती घेता? तेवढे उमेदवाराच्या खर्चात धरावे लागतील."

आपल्या कामाची किंमत विचारली की हा माणूस एरवी छाती पुढे काढायचा. आज दुकानदाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई घेत साहेब. बिलकुल न्हाई. कबुतरं माझ्याकडून असतेत. पोरगी सासरी जाती, तेवढंच आपल्याकडून."

मला एकदम भरून आलं. सहायकांना आलं नाही.

"म्हणजे भेट?"

"भेटच म्हणा."

"म्हणजे देणगी," सहायक लिहू लागले. "वस्तूच्या रूपात देणगी. देणाऱ्याचं नाव, पत्ता लागेल. उमेदवाराने पावती दिली का?"

दुकानदार ताडकन उठला. "मला न्हाई पायजे यांची देणगी! मी परत देतो!"

"काय परत देता?"

"कबुतरं!"

खोलीतलं कुणी हसलं नाही. म्हणजे, हसायची हिंमत झाली नाही. मी टेबलाखाली स्वतःच्या हाताला चिमटा घेतला.

निरीक्षक साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. यांना म्हणाले, इथेच, माझ्यासमोर, सगळं काढून टाका. यांनी लॅपटॉप उघडला. आधी सनई गेली. मग बदाम गेला. पाकळ्या एकदम थांबल्या. कबुतरं काढताना मात्र यांचा हात जरा अडखळला. बटण दाबलं आणि थवा गेला.

आणि मग सभा दिसली, जशी झाली होती तशी. वाऱ्याने फडफडणारं हिरवं शेडनेट. रिकाम्या खुर्च्यांची एक रांग. माईकची खरखर. आणि मधोमध आपला दुकानदार, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, मोठ्याने बोलतोय, आणि समोरचा म्हातारा तंबाखू मळतोय. एका वाक्याला टाळ्या पडतील म्हणून तो थांबला. टाळ्या पडल्या नाहीत. मग तो स्वतःच पाणी प्यायला.

फीत संपली.

"आता बरोबर," सहायक म्हणाले. "हीच प्रत जोडू. कबुतरं नाहीत, फुलं नाहीत. नोटीस मागे घेता येईल."

दुकानदार पडद्याकडेच बघत होता. नोटीस गेल्याचा आनंद त्याच्या तोंडावर कुठे दिसेना. तो हळूच म्हणाला, "साहेब, दोन-चार राहू द्या की."

"क्या?"

"कबुतरं. सगळी न्हाई म्हणत. दोन-चार. माझ्या खर्च्यात लावा पायजे तर."

तेव्हा निरीक्षक साहेब हसले. आधी मिशीत, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना पाहून आम्ही सगळे सुटलो. शेवटी सहायकही हसले, पण लिहिणं न थांबवता.

निकाल असा झाला. सरकारजमा होणारी फीत बिनकबुतरांची. जी कबुतरं नाहीतच त्यांना परवानगी लागत नाही आणि जी फुलं पडलीच नाहीत त्यांचं वजन शून्य. माझा खुलासा मान्य, समज देऊन सोडलं. आणि साहेब यांना म्हणाले, मतमोजणी आणि हिशेब होऊ द्या. नंतर हा माणूस उमेदवार राहणार नाही, साधा दुकानदार असेल. मग त्याला काय उडवून द्यायचं ते द्या, सरकारला काही विचारायचं नाही.

दुकानदाराची अनामत जप्त झाली. जिंकायची त्याची अपेक्षाही नव्हती. हिशेब जमा झाल्यावर एका सकाळी हे त्याच्या दुकानात गेले आणि पेन ड्राइव्ह दिला. वर सोनेरी चिकटपट्टी लावलेली डबी, आत मखमल, लग्नाला देतात तशी. दोन-चार म्हणाला होता, यांनी दुप्पट उडवली होती. सोबत एक मोरही टाकला. "तो हिशेबात नव्हता," मला फोन करून सांगितलं, आणि स्वतःच खूप हसले. त्या दुकानातल्या टीव्हीवर ती फीत पेरणीच्या दिवसांत पुष्कळ वाजली. बियाणं घ्यायला आलेले लोक उभं राहून बघायचे.

ठेकेदाराने पुढे यांना काम दिलं नाही. त्याचं यांना वाईट वाटलं नाही. "सरकार हौशी न्हाई ताई," एवढंच म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. परतूरला, घरीच. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

त्यानंतरच्या निवडणुकीला मला पुन्हा चित्रीकरणाचंच काम आलं. जालन्याला प्रशिक्षण होतं. मोठा हॉल, नवी मुलं-मुली, बरेचसे नुकतेच नोकरीला लागलेले. प्रशिक्षण देणारे अधिकारीही नवे. पडद्यावर एकेक सूचना येत होती आणि ते एकसुरी आवाजात वाचत होते. चित्रीकरण जसे आहे तसे जमा करावे. वाहनांचे क्रमांक स्पष्ट दिसावेत. मग पुढची आली, आणि ती वाचताना ते मध्येच अडखळले.

"चित्रीकरणात फुले, पक्षी इत्यादी उडवू नयेत."

हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या शेजारची मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, पक्षी कोण उडवतं हो?"

अधिकाऱ्यांनी पुन्हा एकदा सूचना वाचून पाहिली. त्यांनाही काही बोध झाला नाही. मला उठून सांगावंसं वाटलं, सगळं, पहिल्यापासून. मी अर्धी उठलेही.

पण त्यांनी बटण दाबलं होतं. पुढची सूचना भोंग्यांच्या परवान्याची होती.